खंडेनवमीला खाली ठेवलेली जाळी

३ जुलै १९८८, रविवार

कॉम्प्युटरची खरी किंमत आज मनाशी मांडून पाहिली. बिलातली वेगळी; ती बँकेची आणि माझी गोष्ट. खरी अशी: ट्रान्सपोर्टच्या दोन जुन्या गाड्या गेल्या. वाडीच्या ऑफिसमागचा कडुनिंब गेला, कारण एअरकंडिशनरचं तोंड तिकडेच काढावं लागलं. घरचं देवघर गेलं. टेलिफोनला लागून तीच एक खोली होती, म्हणून देव स्वयंपाकघरात आणि देवाच्या जागी पडदा. माझी बायको देवकी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तीन कारकून घरी पाठवले, पण ते किमतीत धरत नाही. ते बचतीत.

बदल्यात काय मिळालं? मोठं यंत्र वाडीच्या गोदामात, काचेच्या खोलीत. जरीपटक्याच्या आणि हिंगण्याच्या बुकिंग ऑफिसात एकेक पडदा आणि टाइप करायची पाटी, मधे टेलिफोनची तार. तसंच एक माझ्या घरी. फोन लावायचा, फोनला जोडलेल्या डब्यातून घसा बसलेल्या कोंबड्यासारखी बांग येते, ती थांबली की आपण वाडीत. धरमपेठेतली खुर्ची न सोडता. ती बांग मला आताच ओळखू यायला लागली. बोनेट न उघडता इंजिनाचं दुखणं सांगणारे कान आहेत हे, उगाच नाही.

यंत्र सांभाळायला प्रेमिला नावाची मुलगी ठेवली आहे. इंदोऱ्याची, बी.एस्सी. झालेली, कमी बोलणारी. तिने आज शिकवलं. नाव आणि पासवर्ड टाकून आत गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण येते. सगळ्या कारकुनांना डॉलरची. मला मात्र दुसरी: दोन रेघा उभ्या, दोन आडव्या, खिडकीच्या जाळीसारखी.

"मालक, ही जाळी असली की कोणाचंही नाव उघडता येते, बंद करता येते," ती म्हणाली. "कोणी काय करावं, काय करू नये, सगळं ठरवता येते. यंत्र विचारत नाही, काहून करता म्हणून. त्यामुळे जपून."

"पोरी, पूर्वी तरी मला कोण विचारत होतं?" म्हटलं.

हसली नाही. पण गोष्ट खरी आहे. ज्याच्या पडद्यावर डॉलर तो नोकर, ज्याच्या पडद्यावर जाळी तो मालक. क्लीनर म्हणून गाडीच्या टपावर झोपणारा शालिकराम आज घरात बसून एका बोटाने तीन ऑफिसांची दारं लावू शकतो. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे कोणी वाचलं तर वाचो.

१२ जुलै

गंमत म्हणून दुपारी जेवल्यावर हिंगण्याच्या कारकुनाचं नाव बंद केलं. पाच मिनिटांनी फोन. "मालक, मशीन मले आत घेऊन नाही राहिली." म्हटलं, "डबल चहा प्यायला गेला होतास ना? तिलाही राग येतो." मग उघडून दिलं. आता तो लेकाचा जन्मभर एकच चहा पिईल. जावई श्रीधर बाजूला बसला होता, हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रेमिलाने यंत्राची एक खोड सांगितली. आत असलेल्याला ते बाहेर काढत नाही. नाव बंद करा, हक्क काढा, जो आधीच आत बसला आहे त्याचं काम चालूच राहतं. तो एकदा बाहेर पडला की मग दार लागतं. गोदामासारखंच. कुलूप बाहेरून लागतं, आत राहिलेला हमाल आतच. ध्यानात ठेवण्यासारखं.

२४ जुलै

आज यंत्राचा मोठा समारंभ. बँकेचे साहेब, मुंबईहून कंपनीचे दोघे. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात आमचा जुना मुनीम मार्तंड गोदामातून आला. खांद्यावर पंचा, हातात गठ्ठ्यांवर नंबर टाकायचा तो काळा ब्रश.

"काहून गा शालिक, पाव्हण्यायले चहा नाही सांगतला? एवढा मोठा झाला, तरी चहाचा इसर पडतेच तुले." मग पाहुण्यांना म्हणतो, "क्लीनर होता तवा सगळ्यायचे गिलास हाच धुये. काय चकचकीत धुये, बाप्पा!"

सगळे हसले. मीही हसलो, मोठ्याने. पण माझे कान कुठे बंद असतात? कंपनीचा एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "यांच्यातला मालक नक्की कोण?"

मार्तंडने मला उभं केलं, हे मी नाकारत नाही. तो तेव्हा दुसऱ्याकडे मुनीम होता. पहिल्या गाडीचा पहिला माल त्याने मिळवून दिला, माझ्यासाठी जामीन राहिला, मला टायफॉइड झाला तेव्हा त्याची बायको कौशल्यावहिनी महिनाभर पेज घेऊन येत होती. सगळं खरं. पण माणसाने उपकार केले तर ते करून मोकळं व्हावं. रोज पंचासारखे खांद्यावर टाकून फिरू नये.

३१ जुलै

श्रीधरने नकाशा आणला. वाडीचं फाटक रुंद केल्याशिवाय ट्रेलर आत वळत नाहीत. आणि फाटकाला लागून मार्तंडची खोली.

त्या खोलीचं असं आहे. गोदामासाठी ही जागा घेतली तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो होतो की मार्तंडराव, पंचवीस वर्षं माझ्याकडे पूर्ण करा, ही खोली तुमच्या नावाने करून देईन. येत्या मार्चमध्ये पंचवीस पूर्ण होतात. बोललो ते हमालांसमोर, ड्रायव्हरांसमोर. शब्द फिरवला तर उद्या उचल देऊनही माणूस मिळणार नाही.

"काढूनच टाका ना, मामाजी," श्रीधर म्हणाला.

जावईबुवा शिकलेले आहेत, पण धंद्यात कच्चे. काढलं तर मी शब्द मोडला. तो स्वतः सोडून गेला तर शब्द त्याने मोडला. माणसाला ढकलायचं नसतं. त्याच्या पायाखालची एकेक फळी काढून घ्यायची आणि म्हणायचं, अरेरे, जपून चाला.

६ ऑगस्ट

पहिली फळी. मालाच्या भाड्याचा दर ठरवायचा हक्क मार्तंडच्या नावावरून काढला. देवघरात बसून, चहा संपायच्या आत.

मग फोन उचलून नुसता ऐकत राहिलो. वाडीच्या ऑफिसचा फोन पाटीजवळच असतो. प्रेमिलाला सांगितलं, रिसीव्हर बाजूला ठेव, मला पावत्यांची छपाई कशी चालते ते ऐकायचं आहे. मार्तंड एका बोटाने टाइप करतो. टक. मग थांबतो. टक. मग दोनदा टकटक आणि यंत्राची बारीक टींऽ, म्हणजे नकार. पुन्हा टक. पुन्हा टींऽ. किती वेळ करत होता! शेवटी आवाज आला, "प्रेमिला वं, पाहाय ना जरा. माह्या बोटात काही दोष आला काय?"

त्यावर फक्त छपाईची खरखर ऐकू आली. तिला माहीत होतं, दोष कुठे आहे.

२१ ऑगस्ट

दुसरी फळी. माल सोडण्याची चिठ्ठी यापुढे मार्तंडच्या नावाने निघणार नाही. आता तो सकाळी येतो, पडद्यासमोर बसतो, दुसऱ्यांनी भरलेल्या पावत्या नुसत्या पाहू शकतो. हात लावता येत नाही.

आज तो घरी आला. चपला बाहेर काढून, पहिल्यांदाच "शालिक" न म्हणता उभा राहिला. मीच म्हटलं, "या मार्तंडराव, बसा. देवकी, चहा!"

"मले एक सांग," तो म्हणाला. "माह्या हातून काही चूक झाली काय?"

"छे हो! चूक कसली?"

"मंग हे काहून करून राहिला?"

"मी? मी कुठे? यंत्र आहे ते. मुंबईवाल्यांनी ज्याची त्याची कामं वाटून दिली. आम्ही काय, अडाणी माणसं!"

त्याने पंच्याने तोंड पुसलं. मग देवघरातल्या पडद्याकडे पाहिलं. पडदा चालू होता, कोपऱ्यात जाळी. "देव कुठी गेले?" त्याने विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"हं," म्हणाला, आणि चहा न पिताच उठला. देवकीने मागून हाक मारली तरी थांबला नाही. रात्री ती मला म्हणाली, "त्यांना तोंडावर सांगा ना, काय ते." बायकांना वाटतं, तोंडावर सांगणं म्हणजे दया. तोंडावर सांगितलं की समोरच्याला उत्तर देता येतं, एवढंच.

९ सप्टेंबर

वाडीला न सांगता गेलो. काचेच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो तर आत प्रेमिलाचा आवाज.

"बाबा, मार्चपर्यंत तुम्ही फक्त हजेरी लावा. पडदा बंद असला तरी माणूस हजर राहतेच ना?"

आणि मार्तंड म्हणाला, "पोरी, बिनकामाचं बसाची सवय नाही वं मले."

तर ही बया त्याला मार्चपर्यंत टिकवून राहिली! यंत्राच्या देखरेखीसाठी तिच्या नावावरही जाळी होती. तिथेच तिच्या खुर्चीवर बसून काढून टाकली.

"मालक," ती म्हणाली, "जाळी दोन नावांवर असावी. कंपनीचंही तेच सांगणं आहे. एक गेलं तर दुसरं लागते."

"एका घराला एकच मालक लागतो," म्हटलं. "यंत्र बसवताना कंपनीने दिलेलं ते मूळ खातं, त्याचा पासवर्डही बदलून टाक. असा काहीतरी टाक की तुलाही आठवणार नाही. जाळी फक्त माझ्या नावावर."

तिने माझ्यासमोर डोळे मिटले आणि पाटीवर दहाही बोटं वेडीवाकडी फिरवली, लहान पोर पेटी वाजवतं तशी. यंत्र एरवी तेच पुन्हा टाइप करायला लावतं, ते तिने आधीच बंद केलं होतं. तशी काही सोय असते म्हणे. "झालं," म्हणाली. "आता हे कोणालाच माहीत नाही. मालक, एकदा पुन्हा विचार करा."

केला. झोप छान लागली.

२ ऑक्टोबर, रविवार

मार्तंड जात नाही. लेकाचा चिवट. पडद्यासमोर बसवत नाही म्हणून गोदामात उभा राहतो. ड्रायव्हर चिठ्ठी माझ्या माणसाकडून घेतात आणि जाताना त्याला विचारतात, "बाबा, निघू ना?" तो गाडीला एक फेरी मारतो, दोराला हात लावून पाहतो, म्हणतो, "निघ." मग गाडी निघते! यंत्रात या "निघ" ला जागाच नाही, तर काढू कुठून?

फळ्या काढून उपयोग नाही, हे कळलं. चारचौघांत पडला पाहिजे. ज्यांच्यासमोर तो मोठा आहे, त्यांच्यासमोर.

१६ ऑक्टोबर

सुचलं. अंघोळ करताना सुचलं आणि एकटाच हसलो.

आमच्याकडे खंडेनवमीची एक रीत आहे, पहिल्या वर्षापासूनची. पहिली गाडी, माझ्या आईच्या नावाची, 'मीराबाई', आता विटांवर उभी असते. नवमीला सगळे आपापलं हत्यार तिच्यापुढे ठेवतात. ड्रायव्हर किल्ल्या, हमाल पोती ओढायचे आकडे, कारकून पेनं, मी माझा क्लीनरच्या वेळचा पाना. रात्रभर हत्यारं विसावतात. दसऱ्याच्या सकाळी कोणी स्वतः उचलायचं नाही. मार्तंडच्या हातून घ्यायचं. पहिल्या वर्षी आम्ही दोघेच होतो, तो वयाने मोठा, त्याने माझा पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता चालव." तेव्हापासून. फक्त त्याचा तो काळा ब्रश मी त्याला देतो.

यंदा मी गोदामात सगळ्यांसमोर जाहीर केलं: पाना हे क्लीनरचं हत्यार. मालकाचं हत्यार जाळी. यंदा मी जाळी खाली ठेवणार. एका रात्रीसाठी मार्तंडरावांच्या नावावर. दसऱ्याला ते सगळ्यांसमोर मला परत देतील.

टाळ्या पडल्या. जुने हमाल तर पाणावले. "मालकाचं मन मोठं," एकजण म्हणाला. माझ्या कानांनी ऐकलं.

प्रेमिला दसऱ्याची सुट्टी मागायला आली. दीक्षाभूमीला जाते ती दरवर्षी, आईला घेऊन. एरवी कटकट केली असती, आज लगेच दिली. उलट बरं.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळीच घरच्या पडद्यावरून आत गेलो आणि लाइन तशीच उघडी ठेवून वाडीला निघालो. आत असलेल्याला यंत्र बाहेर काढत नाही! देवकीला बजावलं, फोनला हात लावायचा नाही. "माझ्या बहिणीला फोन करायचा होता," म्हणाली. म्हटलं, उद्या दसऱ्याच्या शुभेच्छा दे, एकदमच.

'मीराबाई'समोर टेबल, टेबलावर पडदा, पडद्याला झेंडूचा हार. कोणीतरी उत्साहाने पाटीवरच कुंकू टाकलं. प्रेमिला फुंकून फुंकून काढत होती. पूजेला ती हात लावत नाही, पण टाइप करायला बसली. मी पासवर्ड टाकला, ती माझ्या नावाने आत गेली. आधी जाळी मार्तंडच्या नावावर ठेवली, मग माझ्या नावावरून काढली आणि बाहेर पडली.

"मालक, नक्की ना?" तिने हळूच विचारलं. "आता जाळी एकाच नावावर आहे. यांच्या."

"अगं, रीत म्हणजे रीत," मी मोठ्याने म्हटलं.

मार्तंडला मात्र गोड वाटलं नाही. "यंत्राले काहून मधी आणतं गा शालिक? तुह्या हाती पाना शोभते."

"तुम्ही असताना मला कसली भीती, मार्तंडराव?" आणि मी वाकून त्याच्या पायाला हात लावला. मला उठवायला तो वाकला तर त्याचा गुडघा वाजला. वय झालं.

घरी आलो. पडदा सकाळी ठेवला तसाच, कोपऱ्यात जाळी माझी वाट पाहत. बसलो आणि 'मार्तंड' हे नाव पुसून टाकलं. बंद नाही केलं; पुसलं. नाव, पासवर्ड, सगळं. यंत्राने एक शब्दही विचारला नाही. मग शहाण्यासारखं बाहेर पडून लाइन तोडली, फोन देवकीला मोकळा करून दिला आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२० ऑक्टोबर, दसरा

झालं, आणि मी कल्पना केली होती त्याहून नीट झालं.

सगळं गोदाम जमलेलं. मार्तंड धुतलेलं धोतर, टोपी घालून आला. खुर्चीवर बसला. मला जाळी परत द्यायला एका बोटाने आपलं नाव टाइप केलं. टक, टक, टक. टींऽ. पुन्हा. टींऽ. कानशिलं लाल झाली. चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा हळूहळू, एकेक अक्षर पुटपुटत, बालवाडीतल्या पोरासारखा. टींऽ.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी आवाज ओळखला, श्रीधर होता. एक हसला की दुसऱ्याला हसायला येतं. नवे कारकून हसले. जुने हमाल जमिनीकडे पाहू लागले.

"राहू द्या मार्तंडराव!" मी म्हटलं. "यंत्र तुम्हाला ओळखतच नाही म्हणतं. आता त्याला काय सांगणार, तुम्ही कोण होता ते!"

तो खुर्चीवरून उठला. मला वाटलं, जाईल. गेला नाही. 'मीराबाई'कडे वळला आणि एकेकाला हाक मारून हत्यारं दिली. किल्ल्या, आकडे, पेनं. एकाही माणसाला विसरला नाही. प्रत्येकाला "चालव" म्हणाला. मग माझा पाना उचलला.

"हे तं घे," म्हणाला. "ते दुसरं माह्या हाती नाही राहिलं."

मी हसत घेतला. त्याचा ब्रश द्यायचा राहिला, कारण तो थांबलाच नाही.

२५ ऑक्टोबर

राजीनामा आला. एक ओळ. मी लगेच "अरेरे" म्हणून मंजूर केला. खोली रिकामी करायला चार दिवस दिले. एक दिवस दिला असता तरी चाललं असतं, पण मी काही दुष्ट माणूस नाही. शब्द त्याने मोडला, हे आता हमालही म्हणतील.

म्हणत मात्र नाहीत. मी आत गेलो की बोलणं थांबतं. हे माझ्या कानांना नवीन आहे.

२९ ऑक्टोबर

खोली पाडली. जाण्याआधी कौशल्यावहिनीने ती झाडून दिली, उंबऱ्याला पाण्याचा हात फिरवला. पाडायची खोली झाडून काय मिळतं बाईला? ट्रेलर पहिल्या वळणात आत आला. श्रीधरने पेढे आणले. ड्रायव्हरांनी हातात घेतले. नंतर पाहिलं तर फाटकाबाहेरची कुत्री पेढे खात होती.

ब्रश 'मीराबाई'पुढे तसाच पडून आहे. उचला म्हटलं तर कोणाला ऐकू जात नाही.

३ नोव्हेंबर

दिवाळीचा माल सुरू झाला. आज दर वाढवायचं ठरवलं. देवघरात बसलो, फोन लावला, बांग आली, नाव टाकलं. दर बदलायला गेलो तर टींऽ.

वाटलं, बोट चुकलं. पुन्हा. टींऽ. मग कोपऱ्यात पाहिलं.

वाडीला गाडी पळवली. प्रेमिलाला म्हटलं, "माझी जाळी कुठे आहे?"

"नवमीला तुम्ही खाली ठेवली, मालक."

"ठेवली ती उचल ना मग!"

"बाबांच्या नावावर होती. ते नाव दिसत नाही." मग म्हणाली, "दीक्षाभूमीवरून आल्यावर मी पाहिलं. नवमीच्या संध्याकाळी ते नाव कोणीतरी आत बसून पुसलं. ज्याच्याकडे जाळी होती, असंच कोणीतरी."

"त्याचं नाव नव्याने लिही."

"नाव लिहायला जाळी लागते."

"तुझ्या नावावर?"

"ती तुम्ही काढली. मूळचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. तेही तुम्हीच..." आणि पावत्यांचा गठ्ठा लावू लागली. तोंडावर काहीही नव्हतं, रागही नाही, आनंदही नाही. मी तिला त्याच क्षणी काढणार होतो. पण काढलं तरी तिचं नाव यंत्रात बंद कोण करणार?

मुंबईला फोन केला. म्हणाले, दिवाळीनंतर माणूस पाठवू. यंत्र सगळं रिकामं करून पहिल्यापासून भरावं लागेल. तोवर जसं आहे तसं.

५ नोव्हेंबर

देवकी म्हणाली, मार्तंडकडे जा. यंत्राचं काय ते नंतर, आधी माणूस आण. गेलो. अमरावती रोडवर, टायरच्या दुकानामागे भाड्याची खोली. समोरच्या दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे पोती मोजायला उभा असतो. या वयात, उभ्याने. मला पाहून दचकला नाही. पोत्यावर बसायला जागा केली.

"मार्तंडराव," म्हटलं, "झालं गेलं ते सोडा. वाडीला चला. खोली दुसरी बांधून देतो. सगळ्यांसमोर मला तेवढं... आपल्या रीतीप्रमाणे..."

"हत्यार दसऱ्याले उचलतेत, शालिक. दसरा होऊन गेला."

"यंत्राने गडबड केली हो. यंत्रानेच तुमचं नाव..."

"यंत्रानं?" तो म्हणाला. "यंत्राले काय माह्याशी वैर?"

आतून कौशल्यावहिनीने विचारलं, "कोण आलं जी?" आणि तो म्हणाला, "कोणी नाही. गाडीवाला आहे. रस्ता चुकला."

मग उठून पोती मोजायला गेला. मी बराच वेळ बसलो होतो. चहा कोणी विचारला नाही.

६ नोव्हेंबर

आज रविवार असूनही वाडीतून दिवसभर गाड्या निघाल्या. पावत्या झाल्या, चिठ्ठ्या निघाल्या, जरीपटका चालू, हिंगणा चालू. जुन्या दराने. ज्याचं त्याचं नाव ज्याचं त्याचं काम करतं. मला एकही फोन आला नाही.

संध्याकाळी पुन्हा देवघरात बसून आत गेलो. माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. यंत्राने घेतलं.

कोपऱ्यात डॉलर.